सिलिंडरला टेकवलेला पेपर

*मावशी, मी 34 वर्षांची, कोथरूडला राहते, हिंजवडीत नोकरी. गॅस बंद केला का हे बघायला रोज तीन मजले पुन्हा चढते. आठवड्यात दोनदा तरी कंपनीची बस चुकते. नवरा म्हणतो, "तुला येरवड्याला पोचवायला हवं." आमच्याकडे खरी वेडी म्हणजे नणंद. चाळिशी उलटली, लग्न नाही, पहाटे एकटीच पर्वती चढते, झाडांशी बोलते. तिच्यापेक्षा मी नॉर्मल ना? – स.*

प्रिय स.,

नणंदेचं आधी उरकते, ते सोपं आहे. तिला झोप लागते, नोकरी चाललीय, गणपतीत एकवीस मोदक तीच वळते असं तूच लिहिलंयस. मग तिला झालंय काय? माझी जास्वंद तर बोलल्याशिवाय फुलत नाही. आपला 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदासुद्धा सांगतो, की समाजाच्या रीतीभातीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

आता तू. गॅस दोनदा कोण बघत नाही? मीही बघते, आणि जिना उतरेपर्यंत विसरते. तू मात्र आधी रेग्युलेटरचा फोटो काढायला लागलीस. मग बसमध्ये शंका, की हा आजचा की कालचा? म्हणून आता रोजचा पेपर सिलिंडरला टेकवून फोटो काढतेस, ओलिसाचा काढतात तसा. (हसू आलं गं, माफ कर. पण तुला दमायला होत असणार.) आणि तरीही वाकडला पोचेपर्यंत नवऱ्याला फोन जातोच.

होतं असं, की तपासलं की जीव भांड्यात पडतो. मन त्यातून एवढंच शिकतं, की तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला त्याला आणखी पक्का पुरावा लागतो.

सकाळची वीस मिनिटं, फोन, रात्रीच्या स्वयंपाकघरातल्या फेऱ्या: तुझाच हिशेब जोडला तर दीड तास होतो. ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, आहे का हे ठरवताना डॉक्टर इतर गोष्टींबरोबर हेच विचारतात, की रोज तासाहून जास्त वेळ जातो का, कामधंदा अडतो का. ठरवायचं त्यांनी, मी नाही. पण मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, याच महिन्यात. यावर चांगले उपचार आहेत. थेरपीत हळूहळू, न तपासता निघायची आणि ती घालमेल आपोआप ओसरू द्यायची सवय करून घेतात. लागलं तर गोळ्याही असतात. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट, आणि मराठीतही.

नवऱ्याला सोबत ने. येरवड्याचे विनोद त्याने आजच बंद करावेत. तुझ्या फोनवर तो "हो गं, बंद आहे" म्हणतो तेही प्रेमानेच, पण त्यानेही शंकेला खतपाणीच मिळतं. ते कसं थांबवायचं हे त्याने डॉक्टरांकडूनच ऐकलेलं बरं.

आणि ते फोटो पुसू नकोस. पहिल्या भेटीत शब्द फुटले नाहीत तर फोन त्यांच्या हातात दे. सिलिंडर, पेपर, तारीख, सगळं त्यात आहे.

– मावशी