नववी-दहावीच्या मुलांना ऑर्वेलची ‘१९८४’ कादंबरी कशी ओळख करून द्यावी?

पहिल्याच तासाला ‘डिस्टोपिया (दडपशाहीने ग्रासलेला काल्पनिक समाज) म्हणजे काय’ हे फळ्यावर लिहू नका, मुलं तिथेच जांभया देतात. मी चॉकलेटपासून सुरुवात करतो.

कादंबरीत सरकारने आधी वचन दिलेलं असतं की चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही. मग ते ३० ग्रॅमवरून २० वर येतं. नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला, त्याचं काम जुन्या वर्तमानपत्रातलं ते वचनच बदलून टाकायचं. पुढे तर रेशन २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवलं’ म्हणून लोक आभार मानतात! इथे मुलं हसतात, आणि दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतं, “पण सर, जुना अंक कुणाकडे असेलच ना?” झालं, सेन्सॉरशिप समजली. परवाचं वर्तमानपत्र देऊन एखादी बातमी तशीच ‘दुरुस्त’ करायला लावा, मजा येते.

पाळत समजावायला कादंबरीतला टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवरचा टीव्हीसारखा पडदा, पुरेसा आहे: तो बघतो, ऐकतो, पण आत्ता आपल्याकडे कुणी बघतंय का हे कधीच कळत नाही. वर्गातल्या सीसीटीव्हीकडे मुलांची नजर आपोआप जाते.

लेखकाचा जन्म १९०३चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बीबीसीवरून भारतासाठी कार्यक्रम करायचा, तेही सेन्सॉरच्या नजरेखालून. कादंबरी आली १९४९ साली.

तिसऱ्या भागातला छळ या वयाला जड जातो. निवडक उतारेच वाचा.