पन्नासच्या पुढे गेलं की गाडी घूंऽऽ असा आवाज करते. चारही टायर बदलावेत का?

एवढ्यात टायर घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की पन्नासच्या पुढे घूंऽऽ सुरू होतं, ऐंशीला गाणी ऐकू येईनाशी होतात, आणि गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच चार टायरचा खर्च सांगून टाकला. टायर असूही शकतील. पण मी याच धंद्यात आहे, आणि असं वर्णन ऐकलं की माझा पहिला संशय व्हील बेअरिंगवर जातो, म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून त्याच्या मध्यभागी बसवलेल्या गोळ्यांच्या कड्यावर. दोन्हींतलं नक्की कोण, हे बघायला खर्च काही नाही.

आधी आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर, ते ठरवा. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगात पाचवा गियर काढून चौथा टाका. वेग तोच, इंजिनाचे फेरे मात्र वाढले. आवाजाची पट्टी चढली तर भानगड बॉनेटखाली. काही फरक पडला नाही तर चाकांकडे बघायचं. काही जण यासाठी उतारावर गाडी चक्क बंद करतात. तसलं काही करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

बॉनेटखालचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रश्न तो दिसत नाही. गाडी उभी असताना रेस दिल्यावर कुंईं येत असेल तर बेल्ट, टेन्शनरची पुली किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग. एसी लावल्या-लावल्या आला तर कॉम्प्रेसर. हायड्रॉलिक स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कण्हल्यासारखा आला तर आधी ऑइलची पातळी बघा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. रिव्हर्सला येणारी कुंईं मात्र बहुतेक गाड्यांत जन्मजात असते, त्या गियरचे दात सरळ कापलेले असतात म्हणून. तिच्यासाठी गिअरबॉक्स उघडून घेणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

आता बेअरिंग की टायर. टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर तो चढतो आणि गुळगुळीत डांबर आलं की एकदम बसतो. बेअरिंगला रस्त्याशी फारसं घेणंदेणं नसतं. ते वजनाला बोलतं. मागेपुढे कोणी नसताना साठच्या आसपास गाडी हळुवार उजवीकडे आणि मग डावीकडे झुकवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घूं वाढलं आणि उलट बाजूला कमी झालं, तर डावं बेअरिंग गेलंय असं धरा. पण एवढ्यावर बेअरिंग विकत आणू नका. आवाज बॉडीतून फिरतो, मागच्या चाकाचा पुढून आल्यासारखा वाटतो, आणि एखादं बेअरिंग नेमकं उलटंही वागतं.

खात्री जॅकवर होते. सपाट जागा, पहिल्यांदा दुसऱ्या टोकाच्या चाकांना दगड, मग संशयित चाक उचला. पुढचं असेल तर गियर न्यूट्रल, मागचं असेल तर हँडब्रेक सोडलेला. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगला काही कळत नाही. खराब असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, कानाला अजून काही ऐकू येत नसलं तरी. मग तेच दुसऱ्या बाजूच्या चाकाला करून बघा, म्हणजे फरक कळेल. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा. खटखट झाली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, आणि मग लांबचा प्रवास रद्द करायचा.

चाक वर आहेच तर टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर तो टायरही आवाज करणारच. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून घ्या. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर दोषी. ही अदलाबदल, म्हणजे रोटेशन, वर्षानुवर्षं न केलेल्या गाड्यांचे मागचे टायर असेच होतात.

बेअरिंगच निघालं तर कोणी "ग्रीस भरून देतो" म्हणालं तर हसून निघून या. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग सीलबंद असतं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली किंवा खड्ड्यात जोरात आपटली, की सील आणि आतला गोळ्यांचा मार्ग खराब होतो. बाहेरून ग्रीस लावून तो भरून येत नाही. ज्या बाजूचं गेलंय तेवढंच बदला, जोडीने बदलायची सक्ती नाही.

काम मात्र कुठे करता याला महत्त्व आहे. काही गाड्यांत बेअरिंग हबसकट (हब म्हणजे चाक ज्यावर आवळतात तो भाग) बोल्टने बसतं, ते सोपं. बाकीच्यांत ते नकलमध्ये, म्हणजे हब आणि बेअरिंग धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, प्रेसने दाबून बसवावं लागतं. हातोड्याने ठोकून बसवणारा दिसला तर गाडी तिथून काढा. ठोकताना जोर आतल्या रिंगेतून गोळ्यांवर गेला की मार्गावर ठसे उमटतात, आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा गुणगुणायला लागतं. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगेवर द्यायचा. एक्सलचा नट नवा घ्या, आणि तो कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला, टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा. नट ढिला असताना गाडी चाकावर उतरवून ढकलू देऊ नका, त्यानेही बेअरिंग बिघडतं.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात फिरून या. मोठा घूं जाऊन मागे बारीक सरसर उरली असेल तर ती करवती टायरची. अलाइनमेंट करून घ्या आणि टायर झिजेपर्यंत वापरा. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर मात्र त्याच दिवशी परत न्या. कित्येक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकरता चुंबकाची पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यावी लागते, आणि घाईत बेअरिंग उलटं बसवलं जातं.