पाच महिन्यांच्या लॅब्रॉडॉरला दूध-पोळीऐवजी काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार पिल्लाचं वजन १६ किलो आहे. रोज अर्धा लिटर दूध, पाच-सहा पोळ्या आणि वर मारी बिस्किटं असं त्याचं खाणं आहे. घर शाकाहारी आहे आणि दुकानदाराने कुत्र्याच्या खाद्याची तीन पाकिटं पुढे टाकून गोंधळ वाढवलाय. पाकिटाकडे वळण्याआधी हिशोब बघू.

या वयाच्या, या वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण ११०० कॅलरी लागतात आणि निदान ६० ग्रॅम प्रथिनं. अर्धा लिटर गाईच्या दुधात १६ ग्रॅम प्रथिनं, पाच पोळ्यांत साधारण १५. म्हणजे प्रथिनांची गरज जेमतेम निम्मी भागते. पोट मात्र भरतं, पिल्लू गुटगुटीत दिसतं, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. ‘दूध देतोय म्हणजे कॅल्शियम मिळतंच’ हेही खरं नाही. त्या अर्ध्या लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाची गरज ३ ग्रॅमच्या पुढची. शिवाय आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद बऱ्याच कुत्र्यांत कमी होते. सतत पातळ शी होत असेल तर पहिला संशय दुधावर घ्या.

शाकाहारी घरात या वयात घरचं अन्न संतुलित करणं फार जिकिरीचं आहे. त्यामुळे निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत ‘लार्ज ब्रीड पपी’ (मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी) असं लिहिलेलं ड्राय फूड, म्हणजे कोरडे दाणेच द्या. मांस शिजवावं लागत नाही, हा तुमच्या घरासाठी आणखी एक फायदा. पूर्ण शाकाहारी डॉग फूड मिळतं. पूर्ण वाढलेला कुत्रा त्यावर नीट राहू शकतो, पण वाढीच्या वयात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तो प्रयोग नको.

पाकिटाची पुढची बाजू विसरा, मागची वाचा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ (पूर्ण, संतुलित आहार) आणि ‘ग्रोथ’ किंवा ‘पपी’ हे शब्द हवेत. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिलं नाव ताज्या चिकनचं दिसलं की माणूस खूश होतो, पण ताज्या चिकनमध्ये बहुतांश पाणीच असतं. त्यामानाने ‘चिकन मील’ म्हणजे पाणी काढलेला, प्रथिनांनी दाट घटक. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. ओल्या पाऊचची ड्राय फूडशी तुलना करताना पाणी वजा करावं लागतं. पाऊचवर ८ टक्के प्रथिनं आणि ८० टक्के ओलावा असेल, तर उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे प्रत्यक्षात ४० टक्के. ‘ग्रेन फ्री’साठी जादा पैसे मोजू नका. धान्याची अॅलर्जी कुत्र्यांत कमी आढळते, आणि धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केली होती.

प्रमाण असं: १०० ग्रॅम दाण्यांत ३७० कॅलरी असतील तर दिवसाला साधारण ३०० ग्रॅम, १००-१०० ग्रॅम करून तीनदा. सहा महिन्यांनंतर दोनदा चालेल. अंदाजाने वाटी भरू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून वाटीवर खूण करा. दर पंधरवड्याला वजन घ्या आणि बरगड्या चाचपा. हलका हात फिरवल्यावर बरगड्या लागायला हव्यात, पण दिसायला नकोत. दाबूनच लागत असतील तर १० टक्के कमी करा. लॅब्रॉडॉर भूक लागलीय असा चेहरा दिवसभर करू शकतो, त्यावर जाऊ नका. जास्त वजनाने वाढीच्या वयात सांध्यांवर ताण येतो.

या खाद्यासोबत वेगळं कॅल्शियमचं सिरप अजिबात नको. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते शोषलं जातं आणि मोठ्या जातीत हाडं वाकडी वाढतात. दुकानात सिरप गळ्यात मारतातच, तेव्हा ठाम राहा.

बदल दहा दिवसांत करा. पहिले तीन दिवस पाव भाग नवीन, पुढचे तीन दिवस निम्मं, मग पाऊण भाग. पोळी हळूहळू उतरवा, दूध आधी बंद करा. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवले की वास सुटतो आणि नाटकी पिल्लूही खातं. दुधात भिजवू नका. वीस मिनिटांनी भांडं उचला. एप्रिल-मेच्या उन्हात भिजवलेले दाणे पटकन आंबतात. शी थोडी सैल झाली तर आदल्या टप्प्यावर या. पण उलट्या, रक्ताची शी आणि मलूलपणा असेल तर दोष खाद्याला देऊन दिवस घालवू नका, पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूजन्य आजार) तपासणी त्याच दिवशी करा.

वरून काही द्यायचंच तर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा: एक उकडलेलं अंडं घरात चालत असेल तर ते, नाहीतर ३०-४० ग्रॅम पनीर, किंवा दोन चमचे दही.

आता खास नाशिकचं. इथे जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि नेमकी द्राक्षं कुत्र्याला विषारी. बेदाणे तर त्याहून जास्त, कारण ते आटलेले. एखादा कुत्रा घोसभर खाऊन धडधाकट राहतो, दुसऱ्याची चार-पाच मण्यांत मूत्रपिंडं निकामी होतात. सुरक्षित प्रमाण म्हणून काही नाही. लाडूवरचा बेदाणा, प्रसादाचा शिरा, चिवडा, सगळं यात आलं. खाल्लं असेल तर उलटीची वाट न पाहता दोन तासांच्या आत डॉक्टरकडे न्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेततं. कांदा-लसूण तसाच, फक्त हळू. तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात: फिकट हिरड्या, गडद लघवी, धाप. शिजवल्याने विष जात नाही, म्हणून मिसळीचा रस्सा किंवा उरलेली फोडणीची आमटी पोळीवर घालून देणं बंद. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगमही उंचावर ठेवा.

गोणीतून काढून विकलेलं सुटं खाद्य घेऊ नका, तारीख कळत नाही आणि चरबी खवट झालेली असते. १० किलोचं पाकीट तुमच्याकडे महिनाभर पुरेल, ते किलोमागे स्वस्तही पडतं. दाणे डब्यात ओतू नका, पाकिटासकट डब्यात ठेवा आणि तोंड घट्ट बंद करा. पावसाळ्यात दाणे मऊ पडले, गोळा झाला किंवा कुबट वास आला तर पैशांकडे न बघता फेका. त्यावरची बुरशी यकृतावर जाते.