डेव्हन रेक्स घ्यायचं तर केसांपेक्षा स्वभाव बघा

कुरळ्या केसांचं मांजर फोटोत आवडलं, केस गळत नाहीत आणि ॲलर्जीही होत नाही असं ऐकलं, मग डेव्हन रेक्स घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. ॲलर्जीचं आधी सांगते. ती केसांनी होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, त्याने होते, आणि ते डेव्हनमध्येही असतंच. घरात कुणाला त्रास असेल तर आधी अशा मांजराच्या सहवासात दोन-चारदा बसून बघा. केस कमी पडतात हे खरं, पण पडतात.

आता रूप. पहिलं डेव्हन रेक्स, कर्ली, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात १९६० च्या सुमारास जन्मलं. शेजारच्याच कॉर्नवॉलमध्ये १९५० मध्ये कुरळं पिल्लू सापडलं होतं, म्हणून दोन्हींचा संकर करून पाहिला, तर पिल्लं झाली सरळ केसांची! दोन्हींची जनुकं वेगळी निघाली. त्यामुळे कॉर्नवॉलच्या त्या जातीच्या, म्हणजे कॉर्निश रेक्सच्या, अंगावर आखीव लाटा दिसतात, तर डेव्हनचे केस विस्कटलेले, सैल वळणांचे असतात. हाताला मऊ साबरासारखे लागतात. पोटावर आणि मानेखाली ते इतके विरळ असतात की कातडीची ऊब थेट तळहाताला जाणवते. मिशा वाकड्या, बऱ्याचदा अर्ध्यातच तुटलेल्या. पाहून घाबरू नका. गालफडं रुंद, नाक आखूड, डोळे मोठे आणि कान तर एवढे मोठे आणि खाली बसवलेले की चेहरा थोडा खोडकरच वाटतो. लहानपणी केस झडून पिल्लू काही काळ जवळजवळ उघडंही दिसतं.

पण खरा प्रश्न स्वभावाचा आहे. डेव्हन तुम्हाला एकटं सोडत नाही. आमची डेव्हन मी ओट्याशी उभी राहिले की खांद्यावर चढते, तिथून पातेल्यात काय आहे ते बघते, आणि दार लावलं तर बाहेर बसून तक्रार करते. खादाड तर इतकी की झाकण लावलेला डबाही सुरक्षित नाही. शिकवलं तर फेकलेला बोळा परत आणून देते. हे सगळं गोड वाटतं, पण तुम्ही दिवसभर बाहेर असाल आणि घरी दुसरं कुणी नसेल, तर मला विचाराल तर घेऊ नका. घ्यायचंच असेल तर जोडीला दुसरं मांजर हवं.

देखभाल फार नाही. ब्रश जोरात फिरवू नका, केस तुटतात. ओल्या हाताने कुरवाळलं तरी पुरतं. कानात मात्र तपकिरी, तेलकट मळ साचतो, तो नियमित पुसावा लागतो. थंडीत गादी उबेला ठेवा. आणि पिल्लू घेताना आईबापांची स्नायुदौर्बल्याची जनुकीय चाचणी झाली आहे का, ते कागदावर मागा. या जातीत तो आजार आनुवंशिक आहे, मान टाकणं हे त्याचं लक्षण. नुसतं तोंडी "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.