डग्गा नुसता घुमतो, काय करू?

प्रश्न : घर अमळनेरला आहे. वरच्या मजल्यावर गाणी ऐकायला १२ बाय १२ ची खोली केली, वर स्लॅब, विटांच्या भिंती, खाली टाइल्स. दोन स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलो की डग्गा एकाच सुरात घूं घूं करतो, आणि खोलीच्या मधोमध गेलो तर बास गायबच. अंड्यांचे ट्रे लावून झाले, मग दोन इंची फोम लावला, फरक शून्य. सबवूफर खराब निघाला का?

उत्तर : नाही भाऊ, खराब असता तर सगळीकडेच सारखा वाजला असता. हा खोलीचा प्रकार आहे. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये जाऊन-येऊन सेकंदाला साधारण ४७ फेऱ्या होतात, म्हणून ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून बसतो (मे महिन्यात ४२ डिग्रीला ४८-४९ होईल, एवढाच फरक). आणि तुमची खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर, दुप्पट त्रास. तो भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध मरतो, तुम्ही अगदी बरोबर ऐकलंय. पत्र्याच्या घरात बास बाहेर निघून जातो, स्लॅब आणि विटांमध्ये तो आतच फिरत राहतो.

फोमचं काय झालं, तर ४७ हर्ट्झची एक लाट सात मीटरपेक्षा लांब असते, आणि भिंतीला चिकटून हवा जवळजवळ हलतच नाही, मग दोन इंचात अडणार काय? अंड्याच्या ट्रेचंही तेच. आता फोमवर अजून पैसे घालू नका.

आधी सोफा मागच्या भिंतीपासून चार-साडेचार फूट पुढे ओढा, फुकटात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. मग सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, डग्ग्याचं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यावर रांगत कान खाली ठेवून ऐका, जिथे डग्ग्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

त्यानंतर कोपरे. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) चांगलंच, पण आपल्या खान्देशात पिंजलेला कापूस सहज मिळतो, तोही चालतो. लाकडी चौकट करून कोपरा जमिनीपासून छतापर्यंत भरा, भिंतीकडून निदान दोन-दोन फूट, वर साधं सुती कापड, आणि गच्च ठासू नका, हवा आत शिरली पाहिजे. वायरिंग नि स्विचबोर्डपासून मात्र लांबच ठेवा, कापूस पेटायला वेळ लागत नाही. घूं पूर्ण जाणार नाही, पण लवकर विरेल आणि ठोके मोकळे होतील.

इक्वलायझरने ४७ चा फुगवटा खाली ओढता येतो, मधला खड्डा मात्र भरत नाही, तिथे वाढवलं तर सबवूफरवर नुसता ताण येतो.

कोपरे भरून झाले की मोबाइल सिस्टिमला जोडून सबवूफरवर ४७ हर्ट्झचा टोन लावून सोफ्यावर, मधोमध आणि दाराजवळ ऐका, आणि काय फरक पडला ते नक्की कळवा.