कोटणीस सारे एकाच घराण्यातले का?

प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. परवा सांगलीला गेलो असता तेथे कोटणीस महाराजांचे नाव ऐकले. एक चीनमध्ये रुग्णसेवा करणारे डॉक्टर, दुसरे संत. आडनाव इतके विरळ असताना ही मंडळी एकाच कुळातली मानावीत का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केवळ आडनावावरून तसे मानता येणार नाही. डॉ. कोटणीस यांचा जन्म 1910 मध्ये सोलापुरात झाला, 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे आडनाव मात्र ज्या प्रकारचे आहे, तो हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांचा.

‘नीस’ हे फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या शब्दाचे मराठी रूप होय. फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस ही सारी दप्तरातली माणसे. सरळ फोड केली तर कोटणीस म्हणजे कोटाचा, किल्ल्याचा लेखनिक. असा हुद्दा एकाच ठिकाणी असण्याचे कारण नव्हते, आणि ज्या घराकडे तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला त्या घराला तेच नाव चिकटले, मग त्या घरांचा आपसांत संबंध असो वा नसो.

चिटणीस या आडनावाचे उदाहरण अधिक बोलके आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ आडनाव चित्रे. चित्रपटांतील लीला चिटणीस माहेरच्या नगरकर, म्हणजे त्यांच्याकडे हे आडनाव विवाहाने आले. आणि भारताच्या अंतराळ कार्यक्रमाच्या पहिल्या फळीतले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस. राजदप्तर, रुपेरी पडदा आणि उपग्रह अशी तिन्ही क्षेत्रे पाहून एखाद्याने या घराण्याच्या अष्टपैलुत्वाचे कौतुक केले, तर ते कौतुक घराण्याचे नसून एका हुद्द्याचे ठरेल. शिवाय पाच क्षेत्रांत पाच कुलकर्णी भेटले तर आपण मान वर करूनही पाहत नाही. आडनाव विरळ असले की दोन माणसांचीही नोंद मनात राहते.

आपण सोलापूरकर असल्याने आपल्याला शंका येणे स्वाभाविकच आहे. आपल्या पूर्व भागातील पद्मशाली समाजात तेलुगूतील ‘इंटिपेरू’, म्हणजे घराचे नाव, मराठी रीतीने आडनाव म्हणून शेवटी लावले जाते, आणि एकाच इंटिपेरूच्या घरांत सहसा सोयरीक होत नाही. तेथे नाव ऐकताच भाऊबंदकीचा अंदाज बांधणे पुष्कळदा योग्य ठरते. हुद्द्याच्या आडनावाला तो नियम लावू नये, इतकेच. (पूर्व भागातील ‘आडम’ हे आडनाव इंग्रजी लिपीत वाचून बाहेरगावचा माणूस थेट बायबलपर्यंत पोचतो, ही आणखी वेगळी गंमत.)

खरोखर शोध घ्यायचा असेल तर दोन्ही घरांचे मूळ गाव, गोत्र आणि कुलदैवत आधी ताडून पाहावे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही जुन्या पिढ्यांची नावे सापडतात. मात्र तेथे फक्त ‘कोटणीस’ शोधू नये. हुद्दा मिळण्यापूर्वी त्या घराचे आडनाव काय होते हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जावे. नाना फडणवीसांचे घराणेसुद्धा मुळात भानू होते.