ट्रेसराउट वाचताना

संकेतस्थळ उघडताना माहिती कोणत्या वाटेने येते हे समजून घ्यायचे असेल, तर आकृत्या पाठ करण्याआधी ट्रेसराउट हे वाटेतले टप्पे दाखवणारे साधन (विंडोजवर त्याची आज्ञा ‘ट्रेसर्ट’) चालवून पाहावे, असे मी सुचवीन. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा अंकी पत्ता) शोधण्याचे काम डीएनएस ही इंटरनेटची नोंदवही आधीच उरकते. त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर (पॅकेट पुढे धाडणारे यंत्र) तो एकाने घटवतो आणि शून्य झाल्यास पॅकेट टाकून देऊन बहुधा पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसराउट हा आकडा १, २, ३ असा वाढवत नेते, म्हणून वाटेवरचे राउटर एकामागून एक आपला पत्ता उघड करतात आणि प्रत्येकाची एक ओळ, उत्तराला लागलेल्या वेळेसह, यादीत उमटते.

मधल्या ओळीत तारांकने (*) दिसली की तिथेच बिघाड आहे, असा निष्कर्ष नवशिके घाईने काढतात. पुढच्या ओळी व्यवस्थित येत असतील, तर तो राउटर फक्त उत्तर देण्याचे टाळतो आहे, पॅकेट मात्र पुढे जात आहेत. शिवाय परतीची वाट वेगळी असू शकते आणि ती या यादीत दिसत नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

वेळेचे आकडे अंतराशी ताडून पाहावेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालची केबल वळणे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वरचा आकडा दिसला तर सेवादात्याकडे तक्रार नोंदवण्याचे कारण नाही.